मिश्रीला आपण तंबाखू म्हणतच नाही

नवलाख उंबऱ्याहून बोलतेय. आवणी उरकली, आता जरा पाठ टेकायला मिळत असेल. तेवढ्या वेळात माझं ऐका. आज ज्या विषयावर बोलणार आहे तो कित्येक जणींच्या कमरेला खोचलेला आहे. हात लावून बघा, डबी असेल किंवा पुडी असेल. मिश्री. कुणी मिसरी म्हणतं, कोकणातून आलेल्या सुना मशेरी म्हणतात. वस्तू एकच.

चैत्रातली गोष्ट आहे. अंगणवाडीत तपासणीचा दिवस होता. आमच्या गटातल्या एका बाईंची सून आली होती, पहिलीच खेप, पाचवा महिना. सिस्टरनी वजन केलं, रक्तदाब बघितला आणि कार्ड भरता भरता विचारलं, "बिडी, तंबाखू, दारू, काही व्यसन?" पोरगी लाजून हसली, "नाही ओ सिस्टर." सासूबाई बाजूलाच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात बायामाणसं असलं काही करत नाहीत." सिस्टरनी 'नाही' लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

बाहेर पिंपळाखाली आम्ही बसलो. सुनेनं पदराच्या गाठीतून डबी काढली, चिमूटभर बोटावर घेतली आणि दातांवरून फिरवायला लागली. मी म्हणलं, "अगं, आत्ताच तर नाही म्हणालीस." ती माझ्याकडं बघतच राहिली. "ताई, मी तंबाखू कुठं खाते? मिश्री लावते."

ती खोटं बोलत नव्हती, हे मला सांगायचंय. तिच्या मनात तंबाखू म्हणजे सासरे चुना लावून मळतात ती. मिश्री म्हणजे दात घासायची पूड. आपल्या सगळ्यांच्या मनात तसंच आहे. म्हणून कार्डावर 'नाही' लिहिलं जातं. आणि कार्डावर 'नाही' असलं की पुढं कुणी काही विचारत नाही, सांगत नाही.

आता मिश्री होते कशी ते तुम्हाला मी काय सांगू? तंबाखूची पानं तव्यावर टाकायची, काळी होईस्तोवर भाजायची. घरभर असा ठसका उठतो की पोरं बाहेर पळतात. मग गार करून चुरायची, बारीक करायची, डबीत भरायची. त्यात दुसरं काही नसतं. शंभर टक्के तंबाखू. भाजल्यानं तिच्यातलं निकोटिन जात नाही. उलट भाजताना धुरातली घाण तिच्यात आणखी तयार होते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९८० च्या दशकात मिश्रीवर प्रयोग झाले. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर तिचा अर्क कर्करोग करणारा ठरला. सरकारनं १९९२ साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. कंपन्यांनी तक्रारी केल्या, पण १९९७ साली सुप्रीम कोर्टानं बंदी कायम ठेवली. म्हणजे दुकानात मंजन म्हणून जे विकायला मनाई आहे, ते आपण घरच्या तव्यावर करतो आणि मंजन म्हणूनच वापरतो.

दवाखान्यातल्या भिंतीवर गरोदर बाईसाठी चित्र असतं. सिगारेट, तिच्यावर लाल फुली. ते बघून आपण म्हणतो, हे शहरातल्या बायांचं. आणि ते खोटंही नाही. २०१६-१७ साली सरकारनं तंबाखूची मोठी पाहणी केली होती. तिच्यात महाराष्ट्रात शंभरात एक-दोन बायाच बिडी-सिगारेट ओढणाऱ्या निघाल्या. पण बिनधुराची तंबाखू, म्हणजे मिश्री, तपकीर, खायची तंबाखू हे सगळं धरून, शंभरात सोळा-सतरा बाया. चित्र सिगारेटचं लावलंय आणि डबी आपल्या कमरेला आहे. मला विचाराल तर आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत सिगारेटच्या चित्राशेजारी काळ्या तव्याचं चित्र लावायला पाहिजे.

आता बाळाचं काय होतं ते सांगते. जरा नीट ऐका, कारण ते समजलं नाही तर बाकीचं सगळं उपदेशासारखं वाटेल.

आपण मिश्री दातांवर, हिरड्यांवर फिरवतो. तोंडाच्या आतली कातडी फार पातळ असते. निकोटिन तिच्यातून सरळ रक्तात उतरतं. गिळायचीही गरज नाही, आणि थोडी थुंकीबरोबर गिळली जातेच. निकोटिनचा गुण असा, की रक्ताच्या नळ्या आकसतात. शेतातल्या पाइपवर पाय पडल्यावर पाणी जसं बारीक होतं, तसं. वारेकडं जाणारं रक्त कमी झालं की बाळाला अन्न कमी आणि प्राणवायूही कमी. शिवाय निकोटिन वारेतून पलीकडं जातं, बाळाच्या अंगातही पोचतं. तुम्ही सकाळी, जेवल्यावर, चारला आणि झोपताना लावली, तर चार वेळा नळी आकसली. काही जणी तर डबी बाजूलाच ठेवतात आणि दिवसभर बोट फिरत राहतं.

दुसरी गोष्ट, तंबाखूनं भूक मरते. रानात दुपारी जेवायला उशीर झाला की आपण काय करतो? चिमूट लावतो, भूक दबते. एरवी ते चालवून घेतो, पण पोटात जीव असताना दबलेली भूक ही दोघांची असते. मुंबईत झालेल्या अभ्यासात असंही दिसलं, की मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या गरोदर बायांमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण जास्त होतं. आपल्याकडं आधीच रक्ताची बोंब. सिस्टर दर वेळी ओरडतात, गोळ्या घ्या, गोळ्या घ्या.

मुंबईचा अभ्यास म्हणाले, त्याबद्दल थोडं सांगते. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन गरोदर बाया शोधल्या आणि बाळंतपणापर्यंत त्यांची नोंद ठेवली. १२१७ बायांची माहिती २००४ साली एका नावाजलेल्या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली होती. पोटातच बाळ दगावण्याचा धोका या बायांमध्ये सुमारे अडीच पट होता. हे सांगताना मलाही बरं वाटत नाही. ऐकणाऱ्यांमध्ये असं बाळ गमावलेली कुणी असेल, तर ताई, तुझं बाळ त्यानंच गेलं असं मी म्हणत नाही. बाळ जाण्याची पुष्कळ कारणं असतात. पण आज ज्या पोटुशी आहेत त्यांच्यापासून हे लपवून कसं चालेल?

ते झालं मुंबईचं. आपल्यासारख्या गावांत डॉ. आशा प्रतिनिधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त मिश्रीचाच अभ्यास केला. ग्रामीण महाराष्ट्रातला साठ हजार लोकवस्तीचा भाग होता, आणि तो अभ्यास २०१० साली छापून आला. शंभर गरोदर बायांत सुमारे एकतीस मिश्री लावणाऱ्या. त्यांची बाळं न लावणाऱ्यांच्या बाळांपेक्षा सरासरी १७० ग्रॅमनी हलकी.

तुम्ही म्हणाल, १७० ग्रॅम म्हणजे काय, पाव किलोसुद्धा नाही. बरोबर आहे. तीन किलोच्या बाळाचे १७० ग्रॅम गेले तर फारसा फरक पडणार नाही. पण आपल्या पोरींची बाळं तीन किलोची कुठं असतात? अडीच किलोच्या आत बाळ आलं की ते कमी वजनाचं धरतात. आपली बरीच बाळं या अडीचच्या काठावरच असतात. काठावरच्याला ढकलायला १७० ग्रॅम पुरतात. कमी वजनाचं बाळ लवकर गार पडतं, अंगावर नीट ओढत नाही, त्याला जंतूंची लागण पटकन होते. आणि ही सरासरी आहे. कुणाचं बाळ याहून कमी हलकं, तर कुणाचं याहून बरंच जास्त.

मी हे कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. मी स्वतः लावत होते. बी.ए. झालेली, गटाची पुस्तकं लिहिणारी, तरी लावत होते. लहानपणी आजी तवा चुलीवर ठेवायची आणि मला म्हणायची, "हलव गं जरा." हलवता हलवता बोट तोंडात गेलं, ते लग्नानंतरही सुटलं नाही. पहिल्या खेपेला मलाही तोच प्रश्न विचारला होता आणि मीही 'नाही' म्हणाले होते. फरक एवढाच, की त्या पोरीला ठाऊक नव्हतं आणि मला थोडंफार ठाऊक होतं. पण सासूबाई शेजारी, नवरा दारात, सांगणार कशी? माझी मुलगी दोन किलो शंभर ग्रॅमची झाली. आठ दिवस तिला पेटीत ठेवली होती. आज ती सातवीत आहे, धडधाकट आहे. मिश्रीमुळंच तसं झालं असं मला कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही तसं म्हणू शकत नाही. पण त्या आठ रात्री मी काचेबाहेर बसून काय विचार करत होते, ते माझं मला माहीत. दुसऱ्या खेपेला डबी फेकली.

फेकली असं एका वाक्यात सांगितलं, पण ती तीनदा परत आणली होती. तेव्हा सोडणं का जमत नाही ते आधी बोलू.

पहिलं कारण परसाकडचं. यावर रेडिओवर कुणी बोलत नाही, पण खरं कारण तेच आहे. "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." दहा बायांना विचारा, आठ जणी हेच म्हणतील. ते मनाचं नाही, खरंच आहे. निकोटिननं आतडी हलतात. रोज सकाळी त्याचीच सवय लागली की आतडी त्याचीच वाट बघतात. सोडल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस पोट जड होणारच. त्यात गरोदरपणात पोट आधीच जड असतं, आणि लोहाच्या गोळीनं आणखी कडक होतं. मग बाई काय करते? गोळी बंद करते आणि मिश्री चालू ठेवते. नेमकं उलटं.

त्याला उपाय साधे आहेत. उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी प्या. मग लगेच बाहेर जायची घाई करू नका, दहा मिनिटं अंगणात फिरा. दिवसभर पाणी प्या. नाचणीची भाकरी, पालेभाजी, पपई सोडून मिळेल ते फळ खा. पिकलेल्या पपईनं काही होत नाही असं डॉक्टर म्हणतात, पण तुमच्या सासूबाई ऐकणार नाहीत, म्हणून मी त्या वादात पडत नाही. तरीही तीन-चार दिवस झालं नाही, तर सिस्टरना सांगा. गरोदरपणात चालणारं औषध त्या देतील. स्वतःच्या मनानं एरंडेल किंवा जुलाबाची गोळी घेऊ नका. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहानं ती अंगी लागत नाही.

दुसरं कारण दातांचं. गरोदरपणात हिरड्या सुजतात, घासताना रक्त येतं. हे पुष्कळ जणींना होतं, अंगातल्या बदलांमुळं होतं. मिश्री लावली की रक्त थांबतं. मग बाई म्हणते, बघा, मिश्रीनं हिरड्या घट्ट होतात. घट्ट होत नाहीत हो. तेच, रक्ताच्या नळ्या आकसतात म्हणून रक्त दिसत नाही. आतलं दुखणं तसंच वाढत राहतं, फक्त कळत नाही. मऊ ब्रश, साधी पेस्ट, किंवा बाभळीची-निंबाची काडी वापरा. आणि खाल्ल्यावर मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरा. दाढ ठणकत असेल तर दाताच्या डॉक्टरकडं जा. गरोदर आहे म्हणून दात दाखवायचा नाही असं काही नसतं. आधी सांगा किती महिने झालेत, ते बघून उपचार करतात. चौथा ते सहावा महिना त्याला सगळ्यात सोयीचा.

तिसरं कारण तलफ. डोकं दुखतं, चिडचिड होते, रडू येतं, हातात काम धरवत नाही. पहिले तीन-चार दिवस फार वाईट जातात, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उतरतं. गरोदर बाईचं शरीर निकोटिन एरवीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, म्हणून काहींना या दिवसांत तलफ उलट जास्त लागते. "एरवी दोनदा लावायची, पोटुशी राहिले आणि पाचदा लागायला लागली," असं मला एकीनं सांगितलं होतं. तिला वाटलं ते डोहाळे. सासूनंही डोहाळे म्हणून पुरवले. डोहाळे म्हणून पुरवायची ही गोष्ट नव्हे.

एक मात्र लक्षात ठेवा. तलफ लागली की वाटतं, आता ही दिवसभर पिच्छा सोडणार नाही. तसं नसतं. एकेक लाट पाच-दहा मिनिटांची असते. तेवढ्या वेळात तोंडात बडीशेप टाका, लवंग धरा, पाणी प्या, दळण निवडायला घ्या, शेजारणीला हाक मारा. ती लाट जाते. सुपारी मात्र घेऊ नका. मिश्री सोडून सुपारीवर किंवा तपकिरीवर गेलात तर फक्त खड्डा बदलला. सुपारीही बाळाला चांगली नाही. आणि दुकानात मिळणारं निकोटिनचं च्युइंगगम गरोदर बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता त्या पोरीचं पुढं काय झालं ते सांगते.

मी तिला त्या दिवशी फार काही बोलले नाही. एवढंच म्हणलं, "आजपासून किती वेळा लावतेस ते मोज." दुसऱ्या आठवड्यात ती आमच्या बैठकीला आली आणि म्हणाली, "ताई, सात वेळा. पण एक सांगू? कंपनीत असते तेव्हा एकदापण नाही." ती तळेगाव एमआयडीसीत एका कंपनीच्या कँटीनला कामाला होती. गेटवर तपासणी असते, तंबाखू आत नेऊ देत नाहीत. सकाळी बसमध्ये चढायच्या आधी लावायची ती संध्याकाळी उतरल्यावरच. मी म्हणलं, "मग तू रोज आठ तास सोडतेसच की. फक्त तुला कुणी तसं सांगितलं नव्हतं." तिला हसू आलं. पण त्या हसण्यानंच काम केलं असं मला वाटतं. आपल्याला जमत नाही असं तिच्या मनात होतं, ते तिच्याच तोंडून खोटं ठरलं.

सुट्टीचा दिवस मात्र अवघड. घरी असलं की डबी समोर. आणि डबी तिची नव्हतीच, सासूबाईंची होती. तवा सासूबाई ठेवायच्या, भाजायला सून बसायची. त्या धुरात अर्धा तास बसणं हेही नको, मिश्री तोंडात घेतली नाही तरी. पण ते सासूबाईंना सांगायचं कुणी?

मी गेले एका दुपारी. चहा झाला. मी म्हणलं, "आत्या, नातू हवा की नात?" "जे येईल ते, धड येऊ दे." मग मी वजनाचं सांगितलं, रक्ताच्या नळीचं सांगितलं. त्या ऐकून घेतल्यासारखं करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी पाच पोरं काढली, पाचही वेळा मिश्री लावत होते. माझी काय वाईट झाली?" यावर मला उत्तर सुचेना. त्यांची पोरं खरंच धडधाकट आहेत. मग त्याच जरा वेळानं म्हणाल्या, "सहा होती. एक राहिलं नाही." आणि गप्प झाल्या. मीही गप्प बसले. कशानं राहिलं नाही ते त्यांनाही माहीत नाही, मलाही नाही. मी उठताना त्यांनी एवढंच म्हणलं, "डबी गोठ्यात ठेवते. पोरीला दिसायला नको."

मैत्रिणींनो, मी पुष्कळ पत्रकं वाटलीत. पण त्या डबीनं घरातून गोठ्यात जाण्यानं जे झालं ते पत्रकांनी झालं नसतं. गरोदर पोरगी एकटी सोडू शकत नाही. तिच्या शेजारी बसून चार जणी लावत असतील तर तिनं कुठं बघायचं? डॉ. प्रतिनिधींच्या अभ्यासातही बायांना समजावून सांगितल्यावर सुमारे एक तृतीयांश बायांनी मिश्री सोडली किंवा दिवसातून एकदावर आणली, आणि बाळांच्या वजनात त्याचा फायदा दिसला. एक तृतीयांश म्हणजे तीन जणींत एक. मला हा आकडा आवडतो, कारण तो खरा वाटतो. सगळ्या सोडतील असं कुणी म्हणालं तर मी विश्वास ठेवणार नाही.

काही जणी विचारतात, "ताई, मला आता सातवा लागलाय, आता सोडून काय उपयोग?" उपयोग आहे. अठ्ठावीस आठवड्यांना बाळ साधारण एक किलोचं असतं. पुढचे दोन किलो त्यानंतर चढतात. म्हणजे वजनाचं मोठं काम सातव्यानंतरचंच आहे. लवकर सोडलं तर सगळ्यात चांगलं, दिवस जायच्या आधी सोडलं तर फारच चांगलं. पण सातव्यात सोडलं तरी बाळाला त्याच आठवड्यापासून जास्त रक्त मिळतं. निकोटिन दोन-तीन दिवसांत रक्तातून जवळजवळ निघून जातं. आणि मध्ये एकदा लावली गेली तर 'आता मोडलंच' म्हणून डबी परत उघडायची नाही. उपवासाच्या दिवशी चुकून काही तोंडात गेलं तर आपण जेवायलाच बसतो का?

घरातल्या पुरुषांबद्दलही बोलायला हवं. नवरा स्वतः चुना मळत बसतो आणि बायकोला म्हणतो, "तू सोड, पोटात पोर आहे." सोडायचं सगळं बाईनंच. बिडी-सिगारेट ओढणारे असतील तर त्यांचा धूर बाईच्या आणि बाळाच्या अंगात जातो, तो घराबाहेरच ओढायला सांगा. पावसाळ्यात ओट्यावरून आत येतात, तेव्हाही. आणि माळकऱ्यांचं एक. आपल्याकडं देहू-आळंदी जवळ, घरटी एक माळ आहे. मटण शिवत नाहीत, दारूचं नाव काढत नाहीत, पण पिशवीत हरिपाठाशेजारी मिश्रीची डबी. माझी आत्या त्यातलीच. तिला मी विचारलं तर म्हणाली, "माळेत मिश्रीचं कुठं सांगितलंय?"

बाळंतपणानंतर जपा. सोडलेल्या कितीतरी जणी माहेरी गेल्यावर परत धरतात. आई म्हणते, "झालं आता मोकळी, लाव थोडी, पोट साफ होईल." निकोटिन दुधात उतरतं. बाळ किरकिरं होतं, झोपत नाही. पण हे ऐकून कुणी अंगावर पाजणं बंद करू नका. पाजायचं, आणि मिश्री लावायची नाही. सुटतच नसेल तर निदान पाजायच्या आधी लावू नका, आणि सोडायचा प्रयत्न चालू ठेवा. आणि तान्ह्या बाळाच्या हिरड्यांना दात येताना मिश्रीचं बोट कुणीही, आजीनंसुद्धा, लावायचं नाही.

एक नंबर सांगते, लिहून घ्या. १८००-११-२३५६. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची फुकट मदत आहे. तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो तोच हा नंबर, ज्याच्याकडं आपण कधी बघत नाही. मराठीतही बोलतात. फोन करताना मिश्री लावते असंच सांगा आणि गरोदर आहे हेही सांगा. लाज वाटत असेल तर आशाताईंना बरोबर घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी असते, तिथंही विचारता येईल.

आणि गटांसाठी दोन गोष्टी. आमच्या गटात बैठक सुरू व्हायच्या आधी डबी गोल फिरायची. हप्ता द्यायच्या आधी मिश्री. आता आम्ही ठरवलंय, बैठकीत डबी काढायची नाही. दंड ठेवला नाही, कारण दंड ठेवला की बाया बैठकीलाच येत नाहीत. पहिले दोन महिने निम्म्या जणी मधेच उठून संडासाकडं जायच्या, आता तेही कमी झालंय. दुसरी गोष्ट पैशांची. समजा रोज दहा रुपयांची तंबाखू आणली, तर महिन्याचे तीनशे. आमच्या गटाची महिन्याची बचत दोनशे आहे. हा हिशोब मी फळ्यावर मांडला तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण खजिनदार बाईंनी तो पुसू दिला नाही.

तपासणीला जाल तेव्हा सिस्टरनी विचारायची वाट बघू नका. 'तंबाखू नाही, पण मिश्री लावते' असं आपणहून सांगा. आणि ऐकणाऱ्यांमध्ये कुणी सिस्टर किंवा आशाताई असतील, तर तुम्हीही विचारताना मिश्रीचं नाव घ्या. तंबाखू म्हणलं की आम्ही नाहीच म्हणतो.

त्या पोरीला आता नववा लागलाय. मागच्या महिन्यात तिच्या कार्डावर 'नाही' खोडून सिस्टरनी लिहिलंय, 'मिश्री, सहाव्या महिन्यापासून बंद'. मधे दोनदा लावली होती, ते तिनंच मला सांगितलं. सासूबाईंची डबी अजून गोठ्यातच आहे. त्या दिवसातून एकदा, दुपारी म्हशीला पाणी दाखवायला जातात. परवा मला रस्त्यात भेटल्या, म्हणाल्या, "म्हशीला आता तीनदा पाणी लागायचं बंद झालंय."